जरासीम म्हणजे जंतू: आपल्या शहरात विज्ञान कोणत्या भाषेत बोललं?

बसमध्ये असाल, गाडी पुसत असाल, भांडी घासत असाल, चालू द्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहूनही देतोय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीत डेंग्यूवर व्याख्यान होतं. वक्ते निवृत्त प्राध्यापक, तयारी करून आलेले. ते म्हणाले, एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. सगळं बरोबर. मग मागच्या रांगेतल्या एक खाला उभ्या राहिल्या. "साब, आठ दिन में एक बार पानी आता. डरम खाली करूं तो पियूं क्या?"

सगळे हसले. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी काय उत्तर दिलं ते सांगतो, पण आधी थोडं मागे जाऊ या. कारण त्या प्रश्नाने मला माझे आजोबा आठवले.

आजोबा १९४०च्या दशकात याच शहरात शिकले. छत्रपती संभाजीनगर हे नाव कानावर पडायच्या आधीच ते गेले, त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच होतं. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो आणि वरच्या वर्गांत शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरी मराठी, वर्गात उर्दू. त्यामुळे आजोबांच्या डोक्यात विज्ञान उर्दूतच बसलेलं. तापमानाला ते दर्जा-ए-हरारत म्हणायचे, जंतूंना जरासीम. लहानपणी ताप आला की आजी कपाळावर हात ठेवायची आणि आजोबा लांबून विचारायचे, "हरारत किती आहे?" मला वाटायचं, हा त्यांचा काहीतरी खास विनोद असावा.

विनोद नव्हता. त्यामागे एक मोठा प्रयोग होता, आणि त्यातला बराचसा भाग आपल्या शहरात घडला. मला स्वतःला हे पंचविशीपर्यंत माहीत नव्हतं! १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. बाकी देशात विद्यापीठं इंग्रजीत शिकवत होती, हे उर्दूत शिकवणार होतं. विज्ञानसुद्धा. त्यासाठी पुस्तकं हवीत, म्हणून भाषांतराचं वेगळं खातंच काढलं, त्याचं नाव दारुत्तर्जुमा. आणि इकडे औरंगाबादला शिक्षण खात्यात मौलवी अब्दुल हक नावाचे अधिकारी होते. पुढे लोक त्यांना बाबा-ए-उर्दू म्हणू लागले. १९१२ साली ते 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे सचिव झाले आणि संस्थेचं बिऱ्हाड सरळ औरंगाबादला आलं. इथून पुस्तकं निघाली, शास्त्रीय शब्दांचा कोश निघाला. आणि १९२८ साली एक त्रैमासिक सुरू झालं, त्याचं नाव 'सायन्स'. सामान्य वाचकाला विज्ञान कळावं यासाठीचं नियतकालिक, तेही औरंगाबादेतून, जवळपास शंभर वर्षांपूर्वी! अंजुमन १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीला गेली आणि आपल्या शहराच्या आठवणीतून हे सगळं पुसलं गेलं.

मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं. इंग्रजी न येणाऱ्यालाही विज्ञान समजतं, हे त्यांनी नुसतं भाषणात सांगितलं नाही, करून दाखवलं. पण एक गोष्ट खटकते. गावोगावी मराठी बोलणाऱ्या मराठवाड्याला त्यात जागा कुठे होती? पैठणच्या शेतकऱ्याला इंग्रजी जेवढी परकी, तेवढीच ती जड उर्दूही. आजोबा म्हणायचे, "इंग्रजीची भिंत पाडली, पण त्याच विटांची दुसरी बांधली." त्यांच्या वर्गातली काही हुशार पोरं केवळ भाषेपायी मागे पडली, हे ते कधी विसरले नाहीत.

तिकडे इंग्रजांच्या मुंबईत मराठीत हे काम खूप आधी सुरू झालं होतं. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसारक सभा काढली, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. सभेत मराठीत निबंध वाचायचे, त्यावर बोलायचं, मग ते छापायचे. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकही निघालं. म्हणजे आधी बोलणं, नंतर मजकूर. आपण ब्लॉगवर करतो तेच की!

आपल्याकडे मात्र वाट पाहावी लागली. १९४८ला संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९५८ला इथे विद्यापीठ सुरू झालं. २४ एप्रिल १९६६ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, तिचा विभाग आपल्या शहरातही निघाला. आता आरोग्य, पाणी, पर्यावरण यांवर मराठीत व्याख्यानं होऊ लागली. आजोबा अशा व्याख्यानांना आवडीने जायचे. एकदा परत आल्यावर मी विचारलं, कळलं का? ते म्हणाले, "प्रकाशसंश्लेषण! आम्ही अरबी पाठ केलं, तुम्ही संस्कृत करा."

टोमणा खरा होता. जरासीम काय, प्रकाशसंश्लेषण काय, चुलीपाशी दोन्ही शब्द कोणी बोलत नाही. गंमत म्हणजे ज्या 'हवामान' शब्दाला आपण अस्सल मराठी समजतो, त्यातली 'हवा' अरबी-फारसीतूनच आली आहे. ती कोणत्या समितीने आणली नाही, बाजारातून आली, म्हणून टिकली.

तर, त्या खाला. प्राध्यापकांनी माईक बाजूला ठेवला, खाली उतरले आणि मोडक्यातोडक्या दखनीत बोलू लागले. "खाली मत करो, खाला. मुँह पे कपडा बांधो, घट्ट. नळ आने के दिन डरम में पानी कम रहता ना, तब अंदर से घासो. काथ्या से." कारण विचारलं तर म्हणाले, एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या भिंतीला चिकटतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणजे पिंप नुसतं रिकामं करून, न घासता भरलं तर काही उपयोगच नाही! हे त्यांच्या स्लाइडवर नव्हतं. खालांनी विचारलं म्हणून निघालं. मग माझ्या शेजारचे काका म्हणाले, आता हेच जरा मराठीत सांगा, आणि प्राध्यापकांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आमच्या गच्चीवर दोनशे लिटरचं निळं पिंप आहे. पुढच्या पाण्याच्या दिवशी मी पहाटे बाह्या वर करून आत वाकलो. पाण्याच्या रेषेवर बोट फिरवलं, तर बारीक काळे ठिपके होते.