गावकीची बिअर

कारखान्यातील बाटलीबंद बिअरऐवजी थोड्या प्रमाणात, जागेवरच बिअर तयार करून तेथेच ती विकणारी 'मायक्रोब्रुअरी' आता आपल्या महानगरांना नवी राहिलेली नाही. पुण्यात २००९ साली सुरू झालेली 'डूलाली' ही राज्यातील अशा पहिल्या ब्रुअरींपैकी एक. (या नावाचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत तेथील छावणीत खितपत पडलेले ब्रिटिश सैनिक भ्रमिष्ट होतात, अशी समजूत होती. त्यावरून 'वेडसर' या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुजला.) अशा ब्रुअरींची ओळख करून देताना 'परिसरातील लोकांनी एकत्र जमण्याचे ठिकाण' असे हमखास म्हटले जाते. पण लांब बाके मांडल्याने परिचय वाढला तरी शेजार निर्माण होतोच असे नाही. बिअर गाळणारे आणि पिणारे एकाच गल्लीतले असतील आणि भट्टी साऱ्या गावाच्या मालकीची असेल, तर काय घडते? जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या ओबरफाल्त्स या चेक सीमेलगतच्या भागात ही व्यवस्था कित्येक शतके चालू आहे. तेथील या बिअरला आणि ती मिळणाऱ्या घरालाही 'त्सॉइगल' असेच म्हणतात.

विंडिशएशेनबाख, त्याला लागून असलेले नॉइहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख आणि एस्लार्न या पाच ठिकाणी सामुदायिक ब्रूगृहे आजही वापरात आहेत. नॉइहाउसच्या रहिवाशांना १४१५ साली, तर विंडिशएशेनबाखच्या रहिवाशांना १४५५ साली बिअर गाळण्याचा अधिकार मिळाला. हा अधिकार व्यक्तीला नसून घराला असतो, ही यातील मेख आहे. घर ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे हक्कही जातो. आपल्याकडील वतनासारखाच हा प्रकार म्हणावा लागेल. (भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना विंडिशएशेनबाख निराळ्याच कारणाने ठाऊक असते. पृथ्वीच्या कवचाच्या संशोधनासाठी तेथे ९,१०१ मीटर खोल विवर खोदण्यात आले; ते काम १९९४ साली थांबले.)

'भट्टी' म्हटले की मराठी वाचकाच्या मनात प्रथम हातभट्टी येते. येथे मात्र गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणणे अधिक योग्य ठरेल. ज्या घराची पाळी असेल त्याने आपले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि आपली लाकडे घेऊन ब्रूगृहात यायचे. काहिलीएवढ्या नव्हे, तर त्याहून कितीतरी मोठ्या कढईखाली जाळ लावायचा. भरडलेले माल्ट गरम पाण्यात शिजले की त्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्सच्या कडवट फुलांसह पुन्हा उकळतात आणि छताखालच्या रुंद, उथळ टाकीत रात्रभर निवत ठेवतात. दिवसभर चालणाऱ्या या कामात घरच्यांना सोयरेधायरे आणि शेजारी हात लावतात. ज्याला आपण इर्जिक म्हणतो, त्याच जातीची ही मदत. कढईच्या वापरापोटी प्रत्येकाने 'कढईचा पैसा' भरायचा आणि त्यातून ब्रूगृहाची डागडुजी व्हायची, असा रिवाज आहे.

सामाईक काम येथे संपते. सकाळी निवलेला रस ज्याचा तो आपल्या घरी नेतो, तळघरातील टाकीत ओततो आणि त्यात यीस्ट मिसळतो. पुढचे आंबणे आणि थंडाव्यात काही आठवडे मुरणे प्रत्येकाच्या छपराखाली होते. परिणामी एकाच कढईतून निघालेली बिअर दोन घरांत दोन चवींची लागते. ती गाळून नितळ केलेली नसते, तापवून टिकाऊ केलेलीही नसते. त्यामुळे दूर पाठवण्यास ती सोयीची नाही. ज्याला हवी त्याने घरी जाऊनच प्यावी, हे बंधन बिअरच्या स्वभावातच आहे. त्सॉइगल लोकांना एकत्र आणते याचे अर्धे श्रेय मला तरी या नाशवंतपणाला द्यावेसे वाटते.

उरलेले अर्धे श्रेय पाळीला. त्सॉइगलचे घर रोज उघडे नसते. महिन्यातील ठराविक काही दिवस, बहुधा शनिवार-रविवारला जोडून, एका घराने दार उघडायचे; पुढच्या खेपेस दुसऱ्याने. कोणाची पाळी केव्हा याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. पूर्वी घराची बैठकच पाहुण्यांसाठी मोकळी केली जाई. आता पुष्कळांनी कोठार किंवा गोठा दुरुस्त करून स्वतंत्र खोली केली आहे, तरीही वाढणारे घरातलेच. सोबत पाव, घरगुती सॉसेज, थंड मांस, चीज असा साधा फराळ असतो. रिकामी जागा दिसेल तेथे अनोळखी माणसाशेजारी बसायचे, ही रीत. यजमानाचा चरितार्थ बहुधा दुसऱ्याच नोकरी-व्यवसायावर चाललेला असतो. शिवाय जो आज वाढतो तो पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याच्या बाकावर गिऱ्हाईक म्हणून बसतो. त्यामुळे स्पर्धा असली तरी तिला आपोआप लगाम बसतो.

ज्याच्या घरी बिअर तयार आहे, तो दाराबाहेर काठीला सहा टोकांची चांदणी टांगतो. 'त्सॉइगल' हे नावच 'खूण' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. ज्यू धर्मीयांच्या ताऱ्याशी तिचे रूप जुळत असले तरी बिअर गाळणाऱ्यांचे चिन्ह म्हणून तिचा वापर जुना आहे. न्यूर्नबर्गच्या एका धर्मादाय संस्थेच्या, सुमारे १४२५ सालच्या चित्रात ब्रूकाराच्या डोक्यावर ती दिसते. एक त्रिकोण अग्नी, जल आणि वायूचा, दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप्सचा, असा तिचा अर्थ सांगतात. यीस्टला तीत स्थान नाही, कारण आंबवण्यामागे सूक्ष्मजीव आहेत हे तेव्हा कोणास माहीत नव्हते. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ आला तो १८७६ साली.

अशी ब्रूगृहे एकेकाळी या भागात गावोगाव होती. रेल्वे आली, १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्रामुळे कारखान्यांना बारमाही बिअर करणे शक्य झाले, आणि घरच्या तळघरात राबण्याचे कारण उरेना. कढईचा खर्च सर्वांत वाटला जात असल्याने प्रत्येक घर गळाले की उरलेल्यांचा वाटा वाढतो; दोन-चार घरे एकदम थांबली तर ब्रूगृहच बंद पडण्याची वेळ येते.

२०१८ साली जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत ओबरफाल्त्सच्या त्सॉइगल संस्कृतीचा समावेश झाला. (युनेस्कोच्या जागतिक यादीशी तिची गल्लत करू नये.) त्याने प्रतिष्ठा लाभली, परंतु नावाला संरक्षण मिळाले नाही. व्यावसायिक कारखाने 'त्सॉइगल' असे लिहिलेल्या बाटल्या विकतात. म्हणूनच सामुदायिक ब्रूगृहातील बिअर गाळणाऱ्यांनी 'अस्सल त्सॉइगल'साठी आपला संघ स्थापन केला आहे. कढई गावाची, तळघर घरचे, दोन्हींचा मेळ असेल तरच अस्सल, असा त्यांचा आग्रह आहे.

आपल्याकडे हा प्रयोग जसाच्या तसा करता येणार नाही. १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानुसार परवान्याविना घरी बिअर गाळणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. ओबरफाल्त्सपुढचा प्रश्न वेगळा आहे. तेथे हक्क घराला चिकटलेला आहे, पण पहाटे उठून जाळ लावण्याची तयारी वारसाहक्काने मिळत नाही. घराचा मुलगा किंवा मुलगी म्युनिकला नोकरीस गेली आणि परतलीच नाही, तर वेळापत्रकातली तेवढी पाळी रिकामी राहते आणि त्या दारावर चांदणी लागत नाही.