कोणतं आधी, कोणतं मागून

अल्बममध्ये कोणतं गाणं आधी ठेवायचं आणि कोणतं मागून, या विद्येचा उगम सहसा अमेरिकेत सांगतात. १९४८ साली तिथं लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावू लागली. सुई मध्याकडे सरकते तसा आवाजाचा तजेला उतरतो. म्हणून दणक्याची गाणी बाहेरच्या कडेला आणि संथ गाणी बाजूच्या शेवटी, असा रिवाज पडला. यात रसिकतेपेक्षा खोबणीचा हुकूम जास्त. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र इतक्या लांब जायचं कारण नाही. क्रमाचा पुरता विचार करून बांधलेला गाण्यांचा ग्रंथ नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू म्हणून विराजमान आहे.

शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. लेखन भाई गुरदासांचं. कवी अनेक, शतकं वेगळी, बोली वेगळ्या. कवीवार किंवा विषयवार मांडलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. आपल्या नामदेव गाथेत बालक्रीडा, पंढरीमाहात्म्य, तीर्थावळी अशी प्रकरणंच आहेत. गुरू अर्जनांनी मात्र रागाचा धागा धरला. सुरुवातीला नित्यपाठाच्या रचना, मग श्रीरागापासून एकेक राग. प्रत्येक रागात आधी गुरूंची पदं, त्यापुढे अष्टपदी, छंत, वार आणि शेवटी कबीर, नामदेव, रविदास असे भक्त. म्हणजे शब्द कोणाचे हे कळायच्या आधी कान त्या सुराला लागलेला असतो.

परंपरा ज्यांना शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे मानते, त्या नामदेवांची ६१ पदं या ग्रंथात आहेत, पण एकगठ्ठा नाहीत. ती १८ रागांत विखुरली आहेत. नामदेव सलग वाचायचे म्हणाल तर पानं चाळत बसावं लागतं. अभ्यासकाची ही अडचण खरी, पण संपादकाच्या डोळ्यांपुढे अभ्यासक नव्हता, गाणारा होता.

हा क्रम कोणी हलवू नये याचीही तजवीज आहे. प्रत्येक शबदाच्या, म्हणजे पदाच्या, शेवटी आकडे असतात: या पदाची कडवी किती, आतापर्यंतची पदं किती. मध्येच कोणी एक रचना घुसडली तर पुढची सगळी बेरीज चुकते. दहावे गुरू गोविंदसिंगांनी वडिलांची, म्हणजे गुरू तेगबहादूरांची पदं समाविष्ट केली तेव्हा त्यांची शेवटी पुरवणी जोडली नाही. ज्या रागाचं पद, त्या रागात नेऊन बसवलं. जैजैवंतीत आधीच्या कोणाचीच रचना नव्हती, म्हणून तो राग नव्यानं आला आणि रागांची संख्या ३१ झाली. १७०८ मध्ये नांदेडला गोदेकाठी त्यांनी याच ग्रंथाला गुरुगादी दिली. पुढे माणूस गुरू नाही. म्हणजे क्रम बदलायचा अधिकारही कोणाकडे उरला नाही.

आता एक बारीक गोष्ट. शबदात ‘रहाउ’ अशी खूण केलेली ओळ बहुधा पहिल्या कडव्यानंतर लिहिलेली असते, पण शबद गाणारे रागी स्थायी म्हणून तीच धरतात आणि फिरून फिरून तिच्याकडे येतात. तुकोबांची गाथा उघडा. तिथंही ‘ध्रु.’ ही खूण दुसऱ्या कडव्यापुढे दिसते आणि टाळकरी ध्रुपद म्हणून तेच घोळवतात. लिहायचा क्रम एक, गायचा दुसरा. पंजाब आणि पंढरपूर यांच्यात इतकं सख्य असेल असं पाठ्यपुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं.

लातूरकडे, औसा-निलंग्याच्या गावांत, क्रमाचा हाच विचार पोथीऐवजी माणसांच्या तोंडी राहिला. कार्तिकात काकडा लागला की आधी काकडआरती, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळा-पांगळा, गौळणी. देवाला उठवायच्या आत गौळण सुरू केली तर विणेकरी तिथल्या तिथे थांबवेल. सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. बुवा कितीही मोठे असोत, काला तिसऱ्या दिवशी होत नाही. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. काला म्हणजे आता सप्ताह उठणार, हे कळूनच तो मांडवात येतो आणि ते कीर्तन वेगळ्या कानानं ऐकतो. क्रमाचा परिणाम म्हणतात तो हा.

भैरवीची गोष्टही तशीच. रात्रभर चाललेली मैफल उजाडताना संपायची म्हणून सकाळची भैरवी शेवटी आली. आता नियमामुळे रात्री दहाला माइक बंद होतो, तरी शेवट भैरवीनंच होतो.

आकाशवाणी पुणे केंद्रावर १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायण झालं, तेव्हा गदिमा आणि बाबूजींनी ही जुनी जाण पुरेपूर वापरली. ५६ गाणी, पहिलं भूपात, शेवटचं भैरवीत. शिवाय कथेचा एक डाव आहे. पहिल्या गाण्यात कुश-लव रामापुढे गायला उभे आहेत. शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्यांना गायला सांगताहेत. म्हणजे शेवटचं गाणं संपतं तिथून पहिलं सुरू होतं. हे मोबाइलवर अकारविल्हे लावून ऐकलं की युद्ध आधी आणि स्वयंवर मागून अशी गत होते, आणि डाव कळतच नाही.

पानं उलटसुलट करण्याला माझा सरसकट विरोध नाही. गुरुद्वारातही रोज हुकमनामा घेतात तेव्हा ग्रंथ सहज हाताला येईल तिथं उघडतात. डाव्या पानावर वर जो शबद असेल तो वाचायचा. पण तो आदल्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागं उलटून आरंभापासून. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये शफलचं बटण ठेवणाऱ्यांनी एवढी एक अदब उचलायला हरकत नव्हती.

नांदेडला गेलात तर संध्याकाळच्या आरतीला वेळेवर बसा. दिव्यांचे फोटो काढण्यापुरतं मध्येच शिरू नका. आरतीत गुरू नानकांच्या धनासरीतल्या पदापासून रविदास, सैन, कबीर, धन्ना असे वेगवेगळ्या पानांवरचे कवी एका ओळीत आणून बसवलेले आहेत. नानकांचं पद चुकलं तर पुढची आरती अर्धीच कळेल.