काचेचा धागा आणि धुळीचा कण

मंडळी, आजकाल घरोघरी इंटरनेट येतं ते काचेच्या धाग्यातून. धागा तुटला की कंपनीची मुलं येतात, जुनी केबल काढून नवी जोडतात आणि पंधरा मिनिटांत निघूनही जातात. त्यांचं काम जवळून बघत बसायची मला सवय आहे (निवृत्त मास्तर, दुसरं काय करणार!). त्यातून प्रश्न पडतात, मग पुस्तकं उघडावी लागतात. हाती लागलं ते इथे लिहितो.

प्रकाश वळवता येतो हे माणसाला तसं जुनंच ठाऊक. १८४१ च्या सुमारास जिनिव्हात कोलादों यांनी पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश नेऊन दाखवला, १८५४ साली लंडनमध्ये टिंडॉल यांनी तसाच प्रयोग केला. पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून आपण शाळेत शिकलो, तेच हे. पुढे १९५४ मध्ये, मोग्याला जन्मलेले आणि आग्र्यात शिकलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेलं. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केलं तेही कपानींनीच. २०२० च्या डिसेंबरात ते गेले आणि २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

पण टेलिफोनला मैलोनमैल जायचं होतं, आणि तेव्हाच्या काचेत वीस मीटरमध्येच शंभरातला एक भाग प्रकाश उरत असे. चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये सांगितलं, दोष काचेचा नाही, काचेतल्या अशुद्धीचा आहे. ती काढा, मग बघा. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशी काच केली, की एक किलोमीटरनंतरही शंभरातला एक भागाहून जास्त प्रकाश उरला. आजच्या धाग्यात किलोमीटरनंतर पंच्याण्णव भाग उरतात. काव यांना २००९ चं नोबेल मिळालं, पण तोवर त्यांना अल्झायमर झाला होता. त्यांचं व्याख्यान पत्नीने दिलं.

आपल्या पुण्याचंही यात नाव आहे बरं का! टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी भारतातली पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली.

थोडक्यात, हा सगळा इतिहास स्वच्छतेचा आहे. आणि केबल बदलतानाही नेमकी तीच गोष्ट लागते. लांबवर जाणाऱ्या धाग्यात प्रकाशाची वाट अवघी नऊ मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. तिच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला की वाट अडली. म्हणून टोपी अगदी शेवटी काढायची, टोकाला बोट लावायचं नाही, खास पुसणीने पुसून मगच जोडायचं. काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणेची चिठ्ठी लावायची. ओढायचं ते कनेक्टर धरून, केबल धरून नाही. हिरवा कनेक्टर निळ्यात घालायचा नाही, कारण त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. उरलेली केबल करकचून वाकवायची नाही, बांगडीएवढं तरी वेटोळं ठेवायचं.

हे यंत्राचं झालं. माणसाचं काय?

काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आलेल्या मुलाने टोकावर तोंडाने फुंकर मारली आणि ते डोळ्यासमोर धरलं. मी म्हटलं, “अरे, डोळा सांभाळ.” तर म्हणतो, “आजोबा, काही दिसतच नाहीये, बंद आहे ते.”

दिसत नाही, धोका तोच! हा प्रकाश अवरक्त असतो. डोळ्याला जाणवत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. घरातल्या तारेत जोर कमी असतो, पण हाच मुलगा उद्या एक्स्चेंजमधल्या मोठ्या यंत्रापुढे उभा राहणार. आधी यंत्र बंद करावं, मीटरने तपासावं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस दुसऱ्या मुलाबरोबर फिरला, तेच त्याचं शिक्षण. धाग्याचे कापलेले तुकडे त्याने हाताने झटकले, तेही गॅलरीत, जिथे शेजारची पोरं अनवाणी खेळतात. काचेची ती कुसळं कातडीत शिरली तर दिसत नाहीत, आणि खाण्यातून पोटात जाणं तर फारच वाईट. मी चिकटपट्टीने टिपून घेतली.

काचेतली अशुद्धी काढायला मोठमोठ्या प्रयोगशाळांनी वर्षं घातली. ती काच हाताळणाऱ्या पोराला एक चष्मा आणि दोन दिवसांचं शिक्षण द्यायला आपल्याला जमू नये, याचं मला वाईट वाटतं.

असो. तुमच्याकडे असा मुलगा आला तर पाणी विचाराच. शिवाय तुकडे टाकायला एक झाकणाची रिकामी बाटली द्या, आणि काम झाल्यावर हात धुवायला लावा.