नांत : वाढ आणि वाहतूक

पश्चिम फ्रान्समधील शहर. लोकसंख्या 3 लाखांहून अधिक. ल्वार आणि एर्द्र या नद्यांच्या संगमावर वसलेले नांत एकेकाळी ब्रिटनीच्या ड्यूकांची राजधानी होते. आज ते पेई द ला ल्वार या प्रदेशाचे मुख्य ठाणे आहे. अठराव्या शतकात फ्रान्सचा सर्वाधिक गुलामव्यापार याच बंदरातून चाले. शहराचे वैभव त्या पैशावर उभे राहिले, हे विसरून नांतचा इतिहास सांगता येत नाही. फेदो बेटावरचे व्यापाऱ्यांचे वाडे त्याच काळातले. खिडक्यांवर कोरलेले दगडी चेहरे अजून शाबूत आहेत, पण पाया नदीच्या वाळूत असल्याने कित्येक भिंती कलल्या आहेत.

पुढे जहाजे मोठी झाली आणि नदी त्यांना उथळ पडू लागली. बंदराचा मोठा व्यवहार मुखाजवळच्या सें-नाझेरकडे गेला; नांतमध्ये बिस्किटे, साखर, डबाबंद मासे आणि जहाजबांधणी राहिली. 1920च्या दशकापासून ल्वारचे शहरातले फाटे बुजवण्यात आले. फेदो तेव्हापासून नावापुरतेच बेट उरले.

सार्वजनिक वाहतुकीत हे शहर फार आधीपासून पुढे होते. 1826मध्ये स्तानिस्लास बोद्री याने आपल्या स्नानगृहाच्या गिऱ्हाइकांसाठी घोडागाडी सुरू केली. लोक वाटेतच चढू-उतरू लागले, तेव्हा खरी गरज प्रवासाची आहे हे त्याने ओळखले आणि गाडीचाच धंदा केला. 1879मध्ये दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ट्राम आल्या. मोटारी आणि बस यांच्यापुढे ट्राम मागे पडली. 1958मध्ये ती बंद झाली.

1975मध्ये सरकारने आठ शहरांना ट्रामचा विचार करायला सांगितले. त्यांत नांत नव्हते, तरी महापौर आलँ शेनार यांनी ट्रामचा निर्णय घेतला. रस्ते खोदल्याने व्यापारी चिडले. 1983च्या निवडणुकीत शेनार पडले. नव्या महापौरांचा ट्रामला विरोध होता, पण काम थांबवण्यापलीकडे गेले होते. जानेवारी 1985मध्ये गाडी धावली. फेदोच्या कडेने, बुजवलेल्या नदीपात्रावरूनच तिचा मार्ग जातो. ग्रनोबल, स्त्रासबूर यांच्या नव्या ट्राम त्यानंतरच्या.

1987मध्ये शहरातली जहाजबांधणी संपली, 1989मध्ये टीजीव्ही ही अतिवेगवान रेल्वे आली आणि पॅरिस सुमारे दोन तासांवर आले. 2006मध्ये स्वतंत्र मार्गिकेवरची बसवे सुरू झाली. नोत्र-दाम-दे-लांद येथील नव्या विमानतळाचा बेत दीर्घ आंदोलनानंतर 2018मध्ये रद्द झाला. एप्रिल 2021पासून शनिवार-रविवारी शहरातील ट्राम आणि बसचा प्रवास सर्वांना मोफत आहे.