हाड काढायचं की नाही

मोठ्या पक्षाघातानंतर मेंदू सुजतो तेव्हा कवटीचं हाड काढण्याचा इतिहास मला कौशल्यापेक्षा धीराचा वाटतो. दाब उतरवायला कवटी उघडावी, हे कोखर आणि कुशिंग या शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडलं होतं. एका बाजूचं किमान १२ सेंटिमीटर व्यासाचं हाड काढायचं, खालचं जाड आवरण उघडून सुजेला वाट द्यायची. हाड कित्येकदा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात, सूज ओसरल्यावर परत बसवतात. तरीही पक्षाघातात डॉक्टर कचरत राहिले, कारण ‘माणूस वाचला, पण अंथरुणाला खिळला तर?’

हा आक्षेप खोटा नाही. त्याला आकड्यांचं उत्तर २००७ मध्ये मिळालं. तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांत, साठीपर्यंतच्या रुग्णांवर ४८ तासांत शस्त्रक्रिया झाल्यास वर्षाअखेर ७८ टक्के जगले. एरवी २९ टक्केच. थोडी मदत लागली तरी स्वतःच्या पायांनी चालू शकणारे ४३ टक्के होते, एरवी २१. साठीपुढच्यांचं चित्र मात्र कठोर आहे: २०१४ च्या चाचणीत जीव वाचले, पण बहुतेकांना दुसऱ्याच्या मदतीवाचून जगता आलं नाही. म्हणूनच घरच्यांना दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत, आणि त्याही पहिल्या दिवशीच. रुग्ण बेशुद्धीत गेल्यावर विचारायला फार उशीर झालेला असतो.