घरचा धूर आणि वेगवान गाडी

कामगाराच्या घरखर्चाचा हिशेब मांडण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. धान्य, भाडे, रॉकेल, रेल्वेचा पास. आता त्याच वहीत आणखी एक रकाना आला आहे: या घरापायी हवेत कर्बवायू किती जातो? चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो; दिव्यामागचा व प्रवासामागचा दिसत नाही, पण मोजावा तोही लागतो.

चीनचाच दाखला घेऊ. तेथे 1 ऑगस्ट 2008 पासून बीजिंग ते त्यांजिन हा सुमारे 120 किलोमीटरांचा प्रवास अर्ध्या तासात होऊ लागला. फेब्रुवारी 2010 मध्ये झेंगझौ ते शिआन मार्ग सुरू झाला आणि पुढच्याच महिन्यात त्या दोन शहरांमधली विमाने बंद पडली. इंधन वाचले, हे खरेच. पण कोणाच्या घरचे वाचले? जो विमानाने जात होता त्याच्या! 26 डिसेंबर 2009 रोजी निघालेल्या वुहान–ग्वांगझौ गाडीने साडेदहा तासांची वाट तीन तासांवर आणली, आणि दुसऱ्या वर्गाचे तिकीट 490 युआन ठेवले. नववर्षाच्या सणाला गावी निघालेल्या पुष्कळ मजुरांना ते परवडेना; ते जुन्या सावकाश गाडीच्या रांगेत नाहीतर बसमध्ये. त्यांच्या रकान्यातून या वेगाने शेरभर वायूही कमी केला नाही.

बरे, गाडीला धुराडे नाही म्हणून धूर नाही, असेही नव्हे. 2010 च्या सुमारास चीनची तीन चतुर्थांश वीज कोळशावर निघत होती. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 300 चे 350 केले की वेग सहावा हिस्सा वाढतो, विरोध मात्र 36 टक्के. जुलै 2011 मध्ये वेंझौजवळच्या अपघातात 40 माणसे गेली. त्या वर्षी वेग 300 वर उतरवला होता. 2017 साली बीजिंग–शांघाय मार्गावर तो पुन्हा 350 झाला. घाई कोणाला होती, कोण जाणे!

एक गोष्ट मात्र आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. प्रवासी नव्या रुळांवर गेले की जुने रूळ मालगाड्यांना मोकळे होतात, आणि ट्रकऐवजी रेल्वेने आलेल्या धान्यामागे डिझेल कमी जळते. हा लाभ तिकीट न काढणाऱ्याच्याही घरी पोचतो.

मुंबई–अहमदाबाद मार्ग 508 किलोमीटरांचा आहे. त्याची महाराष्ट्रातली स्थानके चार: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर. बोईसरच्या कारखान्यातल्या फिटरला महिन्याचा पास मिळणार का, आणि मिळाला तर केवढ्याला, हे आम्ही विचारणार आहोत.