पहिली पेशंट बाई होती, हिशोब मात्र पुरुषांचा

मे १९६७. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जनने पायातली नस काढून हृदयाच्या बंद पडलेल्या धमनीला जोडली. आजच्या बायपासची सुरुवात इथून धरतात. टेबलावरची पेशंट होती ५१ वर्षांची एक बाई.

हे वाचलं आणि मला पुढचा इतिहास खटकायला लागला. कारण बायपासने आयुष्य वाढतं का, हे तपासायची वेळ आली तेव्हा बायका गायब! १९७२ ते ७४ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ६८६ जणांवर मोठी चाचणी झाली, सगळे पुरुष. युरोपातल्या चाचणीत ७६८ जण, तेही सगळे पुरुष. त्यावरून जे नियम ठरले, ते बायकांनाही तसेच लावले.

पुढे तंत्र सुधारत गेलं. पायातली नस काही वर्षांनी बंद पडू शकते, छातीच्या आतली धमनी जास्त टिकते, हे क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी १९८६ मध्ये दहा वर्षांच्या आकड्यांनी दाखवलं. पण ही धमनी बायकांना कमी वेळा जोडली गेली. त्यांच्या धमन्या बारीक, वय जास्त, जोडीला डायबेटिस, म्हणून सर्जन बिचकायचे.

मग आलं ‘बीटिंग हार्ट’, म्हणजे मशीनवर न घेता धडधडत्या हृदयावर ऑपरेशन. आपल्याकडे हेच जास्त चालतं. बायकांना ते जास्त सोसतं, असं काही जुन्या नोंदींवरून वाटत होतं. पण भारतासह १९ देशांतल्या ४७५२ पेशंटच्या चाचणीत पाच वर्षांनीही दोन्ही पद्धतींत मोठा फरक दिसला नाही. त्यातही बायका जेमतेम पाचात एक. २०१८ मध्ये हातातल्या धमनीचे निकाल पायातल्या नसेपेक्षा चांगले आले, आणि बायकांना फायदा अधिक दिसला. फक्त बायकांवरची, २००० जणींची ‘रोमा विमेन’ चाचणी मात्र आत्ता कुठे सुरू झालीय.

या उशिराची किंमत काय? अमेरिकेत २०११ ते २०२० या काळातल्या सुमारे १३ लाख बायपासचा हिशोब २०२३ मध्ये छापून आला. ऑपरेशनच्या काळात शंभरातले १.७ पुरुष गेले, बायका २.८. आणि दहा वर्षांत ही दरी काही कमी झाली नाही.

आपल्याकडे तर बाई टेबलापर्यंत पोचतानाच उशीर होतो. छातीत जळजळ म्हणजे ‘पित्त झालंय’, दम लागला तर ‘वय झालं’. आधी घरातल्यांची जेवणं, मग दवाखाना.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून राज्यात बायपास होतात, पैसा आपलाच आहे. किती बायकांची झाली, कुठल्या पद्धतीने झाली, किती जणी चालत घरी गेल्या, हे दरवर्षी वेगळं छापा. क्लेमच्या कागदावर स्त्री की पुरुष हे लिहिलेलं असतंच. फक्त मोजायचं आहे.

आणि तोवर? आईचं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनला बिनधास्त विचारा: ‘छातीतली धमनी वापरणार ना? हातातली चालेल का? नसेल, तर का नाही?’